डोमाजी मिस्त्रीचं वाळवण

किस्से गोळा करायला मी कधी कुठे गेलो नाही. चांद्याच्या एका आरागिरणीत मी सहा-सात वर्षं कारकून होतो, एवढंच. जे गिऱ्हाईक घाईघाईनं लाकूड घेऊन जायचं, ते सहा महिन्यांनी एक किस्सा घेऊन परत यायचं! आणि घाई करणाऱ्यांचा आपल्याकडे कधी तुटवडा पडलाय? बायको म्हणते, "तेच तेच काय सांगत बसता?" अहो, तेच तेच घडायचं, त्याला मी काय करू!

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होती. अहेरीकडच्या जंगलातून सागाचे ओंडके यायचे, गिरणीत चिरले जायचे आणि मागच्या आवारात वाळत पडायचे. त्या आवारावर राज्य डोमाजी मिस्त्रीचं. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. कानावर पेन्सिल. कुणी फळी मागितली की तोंड असं करायचा, जसं काही समोरच्यानं त्याचे दातच मागितलेत.

गिरणीच्या मालकाला सगळे नुसतं 'शेठ' म्हणत. शेठचा धर्म एकच, माल विकणं. मिस्त्रीचा धर्मही एकच, माल थांबवणं. या दोन धर्मांच्या मधोमध मी बसायचो, कारकून म्हणून.

* * *

मिस्त्रीचं न ऐकणारा पहिला शहाणा मीच. नोकरीला लागलो तेव्हा मी नुकताच मॅट्रिक झालो होतो, म्हणजे मला सगळंच येत होतं.

मला टेबल पाहिजे होतं. समोर ताज्या चिरलेल्या फळ्या पडलेल्या. सोन्यासारखा रंग, वास तर असा की चावून खावं! मिस्त्री म्हणाला, "बाबू, थे फळी काल चिरली. वर्षभर वाळू दे, मंग टेबल कर."

"वर्षभर? मिस्त्री, झाड पडून तीन महिने झाले!"

"झाड मेलं. पानी कुठी मेलं?"

मला पटलं नाही. तेव्हा त्यानं त्या फळीचा तळहाताएवढा तुकडा कापला, शेजारच्या किराणा दुकानाच्या तराजूत तोलला आणि घरी चुलीजवळच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. पंधरा दिवसांनी परत तोलला. चांगला तिसऱ्या हिश्शानं हलका!

"काय गेलं सांग?" मिस्त्रीनं विचारलं. "पानी गेलं. पानी जाते तशी फळी रुंदीत आखडते. एक अंग आधी आखडते, दुसरं मागून. मंग थे वाकते. टेबल झाल्यावर वाकन्यापरीस इथीच वाकून घेऊ दे ना तिले!"

म्हणून तो फळ्यांची थप्पी लावायचा. दोन फळ्यांच्या मधे बारीक पट्ट्या, म्हणजे वारा सगळीकडून खेळतो. वर छप्पर, कारण कडक उन्हात फळी वरून झटकन वाळते, आतून ओली राहते आणि तडकते. टोकांना डांबर, कारण पाणी टोकातून सगळ्यात आधी पळतं आणि तिथंच भेग पडते. हे सगळं मी लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली, आणि बाजारातल्या दुसऱ्या सुताराकडून त्याच ओल्या फळ्यांचं टेबल करून घेतलं.

होळीपर्यंत टेबलाचा मधला भाग खाली बसला आणि दोन्ही काठ वर आले. अगदी डोणीसारखं! पण फायदाही झाला. दौत सांडली तर शाई जमिनीवर जात नसे, मधोमध तळं करून थांबायची. मिस्त्री एक दिवस आला, तळ्यात बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाला, "चांगलं केलं, बाबू. आता बैलालेबी पानी पाजता येते!"

* * *

मग एका खेड्यातले हेडमास्तर शाळेसाठी फळा न्यायला आले. पंधरा दिवसांत पाहिजे होता. मिस्त्री म्हणाला, पुढच्या वर्षी. शेठ म्हणाले, परवा!

अर्थातच परवा फळा गेला. चार आडव्या फळ्या जोडून, वर काळा रंग मारून, एकदम झकास. उन्हाळा आला तशा फळ्या आखडल्या आणि फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन लांबलचक फटी पडल्या. नेमके तेव्हाच तपासणीला साहेब आले.

"हे काय, मास्तर? फळ्याला फटी?"

मास्तर भला माणूस, पण नोकरी प्यारी. म्हणाले, "फटी नाहीत साहेब, शिरोरेषा आहेत. अक्षरं त्यांना लटकवायची. एकही अक्षर वाकडं जात नाही!"

साहेबांनी शेरा दिला, "सुवाच्य अक्षरासाठी शाळेने केलेला प्रयोग स्तुत्य आहे." महिन्याभरात आणखी दोन शाळांची माणसं आमच्याकडे हजर. "तसाच फळा पाहिजे, रेघावाला!"

शेठ हरखून मिस्त्रीकडे गेले. "मिस्त्री, फटीवाले फळे करा!"

मिस्त्री रंधा मारता मारता म्हणाला, "फटी कराव्या नाई लागत, शेठ. तुमी फकत घाई करा."

* * *

नागपूरहून एक मोठे साहेब दौऱ्यावर यायचे होते. जंगलातल्या डाक बंगल्यासाठी नवा पलंग पाहिजे म्हणून आठ दिवस आधी निरोप आला. देशात साहेब येणार हे महिना महिना आधी ठरतं, पण साहेब झोपणार कशावर हे नेहमी आठ दिवस आधीच आठवतं. मिस्त्री नाही म्हणाला. शेठनी पलंग पाठवला.

भर वैशाख. साहेब कोंबडी चेपून दुपारी आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच, फाट्!

साहेब ताडकन उठले. कुणीतरी गोळी झाडली! तेवढ्यात आणखी एक, फाट्! साहेब मोठ्या जिगरीचे. वाघ मारल्याचे त्यांचे फोटो होते. ते थेट पलंगाखाली गेले आणि तिथून ओरडले, "चौकीदार! बंदूक!"

चौकीदार म्हातारा होता. तो सावकाश आत आला, इकडं तिकडं पाहिलं, वाकून साहेबांचं दर्शन घेतलं आणि म्हणाला, "साहेब, गोळी कोनीच नाई मारली. लाकूड नवं आहे, उन्हानं फाटून राह्यलं. तुमी ज्याले भ्याले, त्याच्याच खाली जाऊन लपले!"

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे कडक पत्र आलं. पलंग आवाज करतो, खुलासा करावा. मी मिस्त्रीला विचारलं, काय लिहू? तो म्हणाला, "लिव्ह, पलंग लहान आहे अजून. मोठा झाला का गप बसन."

मी सरकारी भाषेत लिहिलं, "सदर पलंग अद्याप अल्पवयीन असून, कालांतराने शांत होईल." त्यांनी ते पत्र फाइलला लावलं आणि प्रकरण मिटलं!

* * *

छप्पन साली राज्यं बदलली. आम्ही झोपलो मध्य प्रदेशात आणि उठलो मुंबई राज्यात. अंथरूण तेच.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात एका कचेरीला आमच्याकडून सहा मोठी कपाटं गेली होती. ओलीच. कचेरीला मार्चच्या आत पाहिजे होती म्हणे, आणि कुठल्या मार्चच्या आत, हे विचारायची पद्धत नव्हती. जुन्या फायली त्यात कोंबल्या, कुलपं लागली, किल्ल्यांचा जुडगा हेडक्लार्कच्या कमरेला. राज्य बदललं तसा हेडक्लार्क नव्या मध्य प्रदेशात गेला आणि सवयीनं जुडगाही कमरेला लावून घेऊन गेला!

पत्रं सुरू झाली. मुंबईनं लिहावं, किल्ल्या पाठवा. तिकडून यावं, कोणत्या खात्याच्या ते कळवा. मुंबईनं लिहावं, ते फाइल पाहून कळवतो. आणि फाइल कपाटात!

इकडे उन्हाळ्यात कपाटं वाळायला लागली. दारं आखडली, पाठीच्या फळ्या एकमेकींपासून सरकल्या. मे महिन्यात एका शिपायानं सहज फटीत हात घातला आणि पाहिजे ती फाइल बाहेर ओढून काढली. मग काय, कचेरीचं सगळं काम फटीतून! कुलपं शाबूत, सील शाबूत, आणि फायली रोज ये-जा करताहेत.

तिथल्या मोठ्या बाबूंनी आम्हाला आभाराचं पत्र पाठवलं, "कपाटे अत्यंत सोयीची आहेत." शेठनी ते काच लावून टांगलं. मिस्त्री येता जाता पाहायचा आणि भिंतीकडे तोंड करून हसायचा.

* * *

मग गिरणीत भट्टी आली.

शेठना वर्षभर थांबणं सोसेना, म्हणून शिकून आलेल्या एका तरुण साहेबांना त्यांनी बोलावलं. बंद खोली, आत वाफेचे पाइप, गरम हवा फिरवायला पंखा. साहेब म्हणाले, "वर्षाचं काम तीन आठवड्यांत. पण आधी वाफ देऊन हळूहळू तापवायचं." शेठनी त्यातलं 'तीन आठवडे' ऐकलं, 'हळूहळू' त्यांच्या कानात शिरलंच नाही. म्हणाले, "एका आठवड्यात नाही होत का?"

साहेबांनी होकारार्थी मान डोलावली. साहेब नवे होते आणि शेठचा चहा फार चांगला होता.

सातव्या दिवशी भट्टी उघडली. फळी बाहेरून खडखडीत! साहेबांजवळ एक यंत्र होतं. त्याच्या दोन सुया फळीत टोचल्या की आत ओल किती ते काटा सांगायचा. काटा अगदी पाहिजे तिथं. टाळ्या झाल्या. शेठनी पेढे आणवले.

मिस्त्रीनं पेढा घेतला, खाल्ला, हात पुसले आणि म्हणाला, "साहेब, हे सुई कातडं पाहून राह्यली. पोट नाई पाहत." त्यानं फळी मधोमध चिरायला लावली. चार बोटं आत गेल्यावर करवत पुढं जाईना की मागं येईना. वरचं लाकूड वाळून आखडलेलं, आतलं अजून ओलं. या दोन थरांनी मिळून करवत अशी दाबून धरली की ती काढायला पाचर मारावी लागली! शेवटी फळी फोडली, तर आत चक्क गारवा.

साहेबांनी रिपोर्ट लिहिला. मी स्वतः टाइप केला, म्हणून शब्द पाठ आहेत. "प्रयोग पूर्णपणे यशस्वी. मात्र फळी मधोमध चिरू नये."

पुढं भट्टी सावकाश चालवायला शिकल्यावर तिनं कामही चांगलं दिलं, पण शेठचा उत्साह तोवर गेला होता. त्या पावसाळ्यात तिच्यात शेठाणीचे पापड मात्र फार सुरेख वाळले.

* * *

आता तुम्ही म्हणाल, मिस्त्री म्हणजे देवमाणूस, कधी चुकायचाच नाही. तर ऐका.

सिरोंच्याहून पोचम नावाचा एक नावाडी आला. गोदावरीवर त्याची नाव चालायची, ती मोडकळीला आलेली. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलायचा, आदरानं 'गारू' म्हणायचा. म्हणाला, "मेस्त्री गारू, नावेला फळी पायजे. पण लई कोरडी नको."

ओलसर लाकूड स्वतःहून मागणारा हा पहिलाच माणूस! शेठना तर त्याला मिठी मारावीशी वाटली. पण मिस्त्री चिडला. "मले शिकवते? माह्या आवारातून ओलं लाकूड जानार नाई!" त्यानं दोन वर्षं वाळलेला, घंटेसारखा वाजणारा साग काढला आणि स्वतःच सिरोंच्याला गेला नाव बांधायला. पोचम म्हणत राहिला, "फळी पाणी पिते, फुगते. मधे जागा ठेव थोडी." मिस्त्रीनं फळ्या अशा ठोकल्या की मधे केसही जाऊ नये.

नाव पाण्यात सोडली. पहिल्या दिवशी वाहवा. दुसऱ्या दिवशी फळ्या पाणी प्यायला लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना फुगायला जागाच उरली नाही, त्यांनी एकमेकींना रेटलं, खिळे टणाटण उडाले आणि नावेचं पोट पुरीसारखं फुगून बाहेर आलं!

पोचम काही भांडला नाही. काठावर उकिडवा बसून विडी पेटवली आणि म्हणाला, "लाकूड मस्त वाळवलं, मेस्त्री गारू. आता आमची गोदावरी पण वाळवा!"

मिस्त्रीनं तिथंच राहून नाव उकलली आणि पोचम सांगेल तशी परत बांधून दिली. चांद्याला आल्यावर माझ्याजवळ बसला. "बाबू," म्हणाला, "मी लाकूड वाळवत राह्यलो. थे जाऊन राहनार कुठी, हे कधी इचारलंच नाई गा." त्यानंतर गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचा, "ठेवनार कुठी? घरात, का पान्यात, का उघड्यावर?" शेठनी कपाळावर हात मारला. आधी मिस्त्री नुसतं नाही म्हणायचा, आता नाही म्हणायच्या आधी मुलाखतही घ्यायला लागला!

* * *

आणि आता मिस्त्रीच्या घराचं.

अख्ख्या चांद्याला दारं करून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घराला दार नव्हतं. बांबूचा तट्टा लावायचा. दारासाठी तो दरवर्षी चांगल्या फळ्या बाजूला ठेवायचा, वाळवायचा, आणि वाळल्या की कुणीतरी अडलेला माणूस यायचा. कधी दवाखान्याचं दार मोडलेलं, कधी कुण्या विधवेच्या घराचं. मिस्त्री फळ्या देऊन मोकळा. बायको सगुणाबाई वीस वर्षं तट्टा उचलून आत-बाहेर करत होती.

मुलगी मैना लग्नाची झाली. मूल गावाकडच्या एका धान करणाऱ्या घरातून पाहायला येतो म्हणून निरोप आला. सगुणाबाई म्हणाली, "पाव्हने तट्टा उचलून घरात येतीन का? माह्या पोरीले काय म्हनतीन?"

"यंदाच्या फळ्या पकू दे," मिस्त्री म्हणाला. "एवढा उन्हाळा जाऊ दे."

"वीस उन्हाळे गेले!"

ती बोलत बसली नाही. भर मे महिन्यात बैलगाडी घेऊन बाजारात गेली आणि दुसऱ्या दुकानातून चौकटीसकट तयार दार आणून बसवून घेतलं. चकचकीत रंग, पितळी कडी. मिस्त्री संध्याकाळी घरी गेला, दारावर बोटानं टकटक केलं, कान लावला आणि जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी आवारात मला म्हणाला, "दोन महिने झाले असतीन चिरून. रंगाखाली सारं पानी आहे." आवाज असा, की मी थट्टा करायला तोंड उघडलं होतं ते मिटलं. बायकोवर रागावला नव्हता. वीस वर्षांत आपण तिला एक दार देऊ शकलो नाही, हे त्याला लागलं होतं.

धानाची रोवणी आटोपली तेव्हा पाहुण्यांना सवड झाली. श्रावणातला दिवस, आठवडाभर पावसाची झड लागलेली. शेठनी मला आणि आणखी दोघांना मदतीला पाठवलं होतं. मैनाला शेजारच्या घरी लुगडं नेसवणं चाललं होतं. सगुणाबाई आणि आम्ही पडवीत. मिस्त्री कोट घालायला आत गेला आणि पावसाचे तुषार आत येतात म्हणून त्यानं दार लोटून घेतलं.

पाहुणे आले. मुलाचे वडील नथ्थूभाऊ, धिप्पाड शेतकरी, भिजून चिंब. "मिस्त्री कुठी आहे?"

"आत आहेत. येतात," सगुणाबाई म्हणाली.

आतून दार ओढल्याचा आवाज. दार हललं नाही. आम्ही बाहेरून ढकललं. हललं नाही. चौकट पिळली होती, पावसानं दार फुगलं होतं, दोन्ही एकमेकांत अशी घट्ट बसली होती की सुरीचं पातं जाईना. मैना आली, तिनं पाहुण्यांना वाकून नमस्कार केला, पाहुण्यांना पसंत पडली, शेजारून चहाही आला. मिस्त्री आतच!

सगुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माह्यानं चूक झाली," ती दाराला म्हणाली.

"चूक तुही नाई," आतून आवाज आला. "माही आहे. वीस वर्सांची."

नथ्थूभाऊंना काय वाटलं कुणास ठाऊक. ते उठले, कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. "सरका, मिस्त्री. तोडतो!"

"नोका, पाव्हने!" आतून मिस्त्री ओरडला. "साग चांगला आहे! नुसता ओला आहे. वैशाखात आपसूक उघडते!"

"आन् तवरीक पोरीचं लगन?" सगुणाबाई किंचाळली.

"थे बी वैशाखातच करू!"

नथ्थूभाऊंनी कुऱ्हाड खाली ठेवली. मग गदगदा हसले आणि दारावर थाप मारून म्हणाले, "मंजूर! एवढा थांबनारा व्याही मले कुठी भेटनार?"

मुलीच्या बापाचं तोंड न पाहता सोयरीक जमली. तोंड गोड करायला शेजारचीच साखर वाटली. मिस्त्रीच्या वाट्याची साखर कशी द्यायची? मी छपरावर चढलो, दोन कवेलू उचलले आणि पानात गुंडाळलेली चिमूटभर साखर पावसातच आत सोडली.

खाली पान उलगडल्याचा आवाज आला. मग आतून मिस्त्री म्हणाला,

"बाबू, ओली आहे!"